शिट्टी वाजवायला पदवी कशाला?

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात पीटीचे आठवड्याला दोन तास होते आणि ते दोन्ही कधीच आमचे नव्हते. पोर्शन राहिला की गणिताचे सर घ्यायचे, परीक्षा जवळ आली की विज्ञानाच्या बाई घ्यायच्या. कधी चुकून तास मिळालाच, तर मुलांना एक बॉल मिळायचा आणि मुलींना सांगितलं जायचं, 'झाडाखाली बसा, आवाज करू नका.' शाळाभर मी अशी झाडाखाली बसले. मग इंजिनिअरिंगची 4 वर्षं बाकावर, आणि आता 6 वर्षं ऑफिसच्या खुर्चीत. 28व्या वर्षी मान धरली म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले, तर त्यांनी पहिल्या दिवशी मला उभं कसं राहायचं ते शिकवलं. एका सेशनचे 700 रुपये.

माझी धाकटी बहीण झाडाखाली बसणाऱ्यांतली नव्हती. गावातल्या संघाकडून खो-खो खेळायची, गुडघे कायम सोललेले. बी.ए. झाल्यावर तिने घरी सांगितलं की बी.पी.एड. करायचंय. आप्पा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणाले, "पोरं पळवायला आणि शिट्टी वाजवायला दोन वर्षं कॉलेज? मी तीस वर्षं डबल बेल दिली, मला कुणी पदवी विचारली नाही."

आम्ही सगळे हसलो. पण प्रश्न वाईट नव्हता. पूर्वी हा कोर्स एका वर्षाचा होता, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014च्या नियमांनी तो दोन वर्षांचा केला. दोन वर्षं नेमकं काय शिकवतात, हे मलाही माहीत नव्हतं. ती पुण्यात माझ्याकडे राहायला आली आणि माझ्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये तो अभ्यासक्रम उलगडत गेला. शरीररचना, क्रीडा मानसशास्त्र, प्रथमोपचार, योग, मैदानाची आखणी. जेवताना ती सांगायची, "ताई, पोराचा पक्का दात पडला तर घासून धुवायचा नाही. मुळाला हात न लावता उचलायचा, दुधात ठेवायचा आणि तडक डेंटिस्टकडे पळायचं." माझा घास हातात.

पण खरी मेहनत सराव पाठांची होती. 35 मिनिटांच्या तासासाठी ती रात्री तीन-तीन तास टाचण लिहायची. आधी वॉर्मअप, मग कौशल्याचं प्रात्यक्षिक, मग सराव, मग छोटा खेळ, शेवटी शरीर थंड करणं. मुलांना उन्हाकडे पाठ करून उभं करायचं, ऊन शिक्षकाने झेलायचं. प्रात्यक्षिक समोरून दाखवायचं आणि बाजूनेही, नाहीतर मागच्या रांगेला गुडघा किती वाकला ते कळत नाही. सूचना आधी, शिट्टी नंतर. शनिवारी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा-बारा पोरं गोळा करायची आणि मला बाकावर निरीक्षक म्हणून बसवायची. हातात स्टॉपवॉच. मला एकच गोष्ट मोजायची होती : एक मूल प्रत्यक्षात किती वेळ हलतं.

पहिल्या शनिवारी मी सगळ्यात लहान मुलीवर घड्याळ लावलं. 30 मिनिटांत ती 4 मिनिटं हलली. उरलेला वेळ रांगेत उभी, नाहीतर 'आउट' होऊन कडेला.

धाकटी आकडा बघून गप्प झाली. मग म्हणाली, "बघ ना, आउटच्या खेळात जो कच्चा तो पहिला बाद होतो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच बसून राहतो. आणि जो आधीच तयार, तो शेवटपर्यंत खेळतो."

मी रोज ज्या सिस्टिमवर काम करते, तिथे जो भाग सारखा कोसळतो त्याच्यावर आम्ही सगळ्यात जास्त तास घालवतो. जो नीट चालतो त्याला कुणी हात लावत नाही. शाळेच्या मैदानावर नेमकं उलटं होत आलंय आणि त्यालाच आपण खेळ म्हणत आलोय. पुढच्या शनिवारी तिने पार्किंगचे खडूने चार भाग केले, चार गट, प्रत्येक भागात वेगळं काम, दर पाच मिनिटांनी जागा बदल. बाद झालेल्याने पाच उड्या मारून परत आत यायचं. बॉल तेवढेच, दोन. तीच मुलगी 19 मिनिटं हलली. पदवी कशाला लागते, याचा पहिला पुरावा मला त्या घड्याळात दिसला.

आपल्याकडे शरीर कमावण्याची परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914पासूनचं. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी 1920मध्ये शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारं कॉलेज काढलं, ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई कॉलेज 1957चं. आणि तालमी तर गावोगावी होत्याच. पण वस्ताद आणि पीटीचा शिक्षक यांत एक मोठा फरक आहे. तालमीत येणारा आपल्या पायांनी येतो. शाळेच्या मैदानावर मुलांना वेळापत्रक आणतं. त्यात जाड पोरगं असतं, दमा असलेलं असतं, पाळी आलेली मुलगी असते, चप्पल तुटलेली असते. ज्याला खेळायचंच नाही त्याला शिकवणं, हे या शिक्षकाचं काम.

आंतरवासितेला तिला उपनगरातली एक शाळा मिळाली. आठवीच्या वर्गात 52 मुलं. त्यातली एक मुलगी प्रत्येक तासाला चिठ्ठी आणायची : 'पोटात दुखते, खेळवू नये.' बाकीच्यांनी तिला आळशी ठरवून टाकलं होतं. धाकटीने तिला खेळायला लावलं नाही, गुण मांडायला बसवलं आणि नुसतं बघत राहिली. दोन जिने चढून वर्गात जाताना ती मुलगी मधे थांबते, हे तिच्या लक्षात आलं. डोळ्यांखालची कड पांढरट, नखं फिकी. तिने वर्गशिक्षिकेला सांगितलं, त्यांनी आईला बोलावलं, सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.4.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींपैकी 59 जणींना रक्तक्षय आहे. त्यासाठीच शाळांमधून आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. धाकटीने वर्गात विचारलं, तर बऱ्याच मुलींनी गोळी खिडकीबाहेर टाकल्याचं कबूल केलं. उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणून. मग तिने आरोग्याचा एक तास फक्त त्या गोळीवर घेतला. खिचडी खाल्ल्यावर घ्यायची, वर चहा नको, लिंबू चालेल, शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. त्या तासात कुणी पळालं नाही. पण मला विचाराल तर तिचा सगळ्यात चांगला पीटीचा तास तोच.

ती मुलगी नंतर पळायला लागली का? माहीत नाही. आंतरवासिता संपली. शेवटच्या आठवड्यात धाकटीने पुढच्या छात्राध्यापकासाठी दोन पानं लिहून ठेवली, ती मी टाइप करून दिली. कुणाला दम लागतो, कुणाचा हात मोडून जुळलाय, कुणाला हाक मारली की रडू येतं. शाळेत त्या माहितीला धनी नव्हता, कारण पूर्णवेळ पीटी शिक्षकच नव्हता. शिक्षण हक्क कायदाही सहावी ते आठवीसाठी 100हून अधिक मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा निदेशक मागतो, पण अंशकालीन.

हा 'अंशकालीन' आमच्या घरात येऊन बसलाय. निकाल लागला आणि तिच्यासमोर दोन कामं आली. एक जिममध्ये ट्रेनरचं, पगार बरा, वाढणारा. दुसरं एका शाळेत तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे, मे महिन्यात शून्य. आप्पा म्हणाले, जिम घे. त्यांचं चूक नाही, त्यांनी पेन्शनचा अर्थ जगून पाहिलाय. तिने मला विचारलं, "ताई, दोन वर्षं भाड्यात माझा वाटा नाही आला तर चालेल?"

मी हिशेब केला. दोन वर्षं जमतंय. त्यानंतर कायम जागा निघेल का, याचं उत्तर आम्हा दोघींच्या हातात नाही, आणि एका बहिणीच्या पगारावर शाळेतला विषय चालू राहणं ही काही अभिमानाची गोष्ट नाही. पण ज्या 35 मिनिटांसाठी मी आज फिजिओथेरपिस्टला पैसे मोजते, ती कुठल्यातरी 52 मुलांना वेळेत मिळणार असतील, तर तो खर्च मला महाग वाटला नाही.

15 जूनपासून तिची शाळा आहे. तिने स्वतःच्या पैशांनी 12 रबरी बॉल आणलेत, सध्या ते माझ्या वॉशिंग मशीनवर ठेवलेले आहेत. आप्पा परवा येऊन गेले. जाताना त्यांनी तिला एक शिट्टी दिली, पितळी, नवीकोरी. म्हणाले, "आधी सूचना, मग शिट्टी. बरोबर ना?"