‘चाहिए’ आणि ‘पाहिजे’

आमच्या भिवंडीत घरोघरी भाषा बदलते. 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांच्या घरांत उर्दू, जुन्या कोकणी मुसलमानांच्या घरांत कोकणी, तेलंगणातून आलेल्या माग कामगारांच्या घरांत तेलुगू, आणि कचेरीत मराठी. मी उर्दू माध्यमात शिकलो आणि पुढे उर्दू शाळेतच मराठी शिकवू लागलो. नवी नामे मुले चटकन पाठ करतात. ती अडखळतात ‘करावे’, ‘केले पाहिजे’, ‘करावे लागते’, ‘करू शकतो’, ‘करू नये’ या रूपांशी. काम एकच असते. ते इच्छेने करायचे, सक्तीने करायचे की करूच नये, हे या लहानशा रूपांवरून कळते.

‘चाहिए’ घ्या. आपण म्हणतो, ‘मुझे जाना चाहिए.’ मुले लिहितात, ‘मला जाना पाहिजे.’ मराठी म्हणते, ‘मी गेले पाहिजे.’ (बोलताना ‘मला जायला पाहिजे’ असेही म्हणतात.) दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतेच, “सर, अभी गया नहीं, तो ‘गेले’ क्यों?”

प्रश्न अगदी योग्य आहे. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या क्रियापदाचे फार जुने रूप आहे. ‘पाहिले जाते’, म्हणजे कोणीतरी त्याची वाट पाहते, असा त्याचा मूळ अर्थ. ‘मी पत्र लिहिले पाहिजे’ म्हणताना लिहून झालेल्या पत्राची वाट पाहिली जाते. म्हणूनच ‘पत्र लिहिले’, पण ‘चिठ्ठी लिहिली पाहिजे’. गंमत अशी, की आपले ‘चाहिए’ही ‘चाहना’चे तसेच जुने रूप आहे. दोन बहिणी दोन गावी नांदाव्यात, तसे हे दोन शब्द आहेत.

‘पडणे’ आणि ‘लागणे’ यांची गोष्ट जरा अवघड आहे. ‘मुझे जाना पड़ा’ याचे मराठी ‘मला जावे लागले’. पण उर्दूत ‘लगना’ म्हणजे सुरुवात होणे: ‘बच्चा रोने लगा’. मराठीतही ‘मूल रडू लागले’ असे आहेच. मग ओळखायचे कसे? ‘लागणे’च्या आधी काय आहे ते पाहायचे. ‘तो रात्रपाळी करू लागला’ म्हटले, की त्याला काम मिळाले. ‘त्याला रात्रपाळी करावी लागली’ म्हटले, की घरची ओढाताण डोळ्यांपुढे येते.

कचेरीत तर या रूपांवर एका दिवसाची मजुरी अवलंबून असते. एका विद्यार्थ्याच्या घरी पत्र आले. त्यात ‘मूळ कागदपत्रे सोबत आणावीत’ असे लिहिले होते. मुलाने वडिलांना सांगितले, “ले आएँ तो अच्छा है.” तो शब्दशः चुकला नव्हता, ‘पाऊस यावा’ यात ‘यावा’ ही इच्छाच असते, आणि ‘तो घरी पोहोचला असावा’ यात ‘असावा’ हा अंदाज असतो. पण सरकारी कागदावरचे ‘आणावीत’ हा हुकूम असतो. वडील कागदपत्रांवाचून गेले, तासभर रांगेत उभे राहिले आणि तसेच परत आले. त्या दिवसाचा माग बंद राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी ते अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आले. मुलाने आधीच एक अर्ज लिहिला होता: ‘मला दाखला पाहिजे.’ वडील अतिशय नम्र गृहस्थ, आणि हे वाक्य जणू टेबलावर हात आपटून बोलत होते. उर्दूत हाच मुलगा ‘इनायत फ़रमाएँ’ असे सहज लिहितो. मी त्याला म्हटले, “मराठीत ते काम ‘मिळावा’ करतो.” त्याने नवा कागद घेतला आणि लिहिले, ‘मला दाखला मिळावा, ही विनंती.’ वडिलांनी ते दोनदा वाचून घेतले.

नकाराचा मात्र मुलांना त्रास होत नाही. ‘झूट नहीं बोलना चाहिए’ याचे ‘खोटे बोलू नये’ होते, हे लवकर जमते. ‘नको’ तर शिकवावाच लागत नाही. हैदराबादकडची दख्खनी बोलणाऱ्या घरातली एक मुलगी पहिल्याच तासाला हा शब्द ऐकून हसू लागली. तिची नानी जेवताना वाढणाऱ्याचा हात धरून रोज हेच म्हणायची, “बस, नक्को!”