पैलवानाचा वस्ताद होतो तेव्हा

मंडळी, आज जरा लाल मातीबद्दल. मी जन्मभर मराठी शिकवलं, लंगोट कधी कसला नाही, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'दक्षिण सातारा' येतं. १९४९ साली जुन्या साताऱ्यातला वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा भाग काढला, त्यात संस्थानांचा मुलूख घातला आणि नवा जिल्हा केला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे कराडजवळच्या गोळेश्वरला १९२६ साली जन्मलेले खाशाबा जाधव आणि शिराळा भागातल्या पुनवतला १९३५ साली जन्मलेले गणपतराव आंदळकर, दोघेही जन्माने एकाच जिल्ह्याचे. खाशाबा सगळ्यांना माहीत असतात, निदान माहीत असल्यासारखं सगळे बोलतात. आंदळकरांचं नाव काढलं की मात्र आमच्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांत शांतता पसरते.

आंदळकर लहान वयातच कुस्तीसाठी कोल्हापूरला गेले. आमच्याकडे अंगापिंडाने बरा मुलगा दिसला की त्याला कोल्हापूरच्या तालमीत धाडायची रीतच होती. शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, आणि संस्थान गेलं तरी ती हवा राहिली. १९६० साली पंजाबच्या खडकसिंगला हरवून आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६२ साली जाकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या. तिथली गंमत मला फार आवडते. आंदळकरांना ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानच्या मारुती मानेंना अगदी उलट, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य! एका सांगली जिल्ह्याची चार पदकं. त्यातही ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाने डाव टाकायचा नाही. एकलंगी आणि टांग यांवर वाढलेल्या आपल्या पैलवानाचे अर्धे डाव तिथे बादच की. तरी सुवर्ण आणलं. १९६४ साली आंदळकर टोकियो ऑलिंपिकला गेले, त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

इथपर्यंत कोणत्याही पैलवानाचं चरित्र म्हणता येईल. मला ओढ आहे ती पुढच्या भागाची.

कुस्ती थांबते तेव्हा पैलवानाचं वय कितीसं असतं? पस्तिशी-चाळिशी. पुढे तेवढंच आयुष्य शिल्लक असतं. मारुती माने राजकारणात गेले, राज्यसभेचे खासदार झाले. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. तिथे प्रशिक्षकाचं कामही केलं, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण पेन्शनसाठी झगडावं लागलं आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. आंदळकर मात्र कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून राहिले. एक पिढी घडवली, मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. १९७० आणि ७१ साली महाराष्ट्र केसरी झालेले, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणणारे दादू चौगुले हे मोतीबागेतले त्यांचेच पठ्ठे. पुढे दादू स्वतः वस्ताद झाले, आणि त्यांचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला. आंदळकर २०१८ मध्ये गेले, दादू त्यानंतर वर्षभराने.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असं आपल्याकडे म्हणतात. पठ्ठा उलटला तर उपयोगी पडावा म्हणून. या म्हणीवर माझा कधीच विश्वास बसला नाही. राखून ठेवला असता तर प्रत्येक पिढीला एक डाव कमी होत होत हौद्यात नुसती माती उरली असती! शिकवणाऱ्याचं सुख वेगळंच असतं. पोरगं आपल्यापुढे गेलेलं दिसावं, एवढंच.

आणि कुस्तीत शिकवणारे फक्त वस्तादच नसतात. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून खाशाबांना सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, गोळेश्वरात शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते पैसे फेडले. खर्डेकरांचं घर सुटलं, याचा मला त्या पदकाइतकाच आनंद वाटतो. (मास्तर लोकांची घरं कशी उभी राहतात ते मास्तरांनाच ठाऊक.) कुस्तीतलं आपलं पुढचं ऑलिंपिक पदक त्यानंतर ५६ वर्षांनी, २००८ साली आलं.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला कारण झाला माझा एक जुना विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, व्याकरणाशी वैर, पण जत्रेच्या मैदानात बघण्यासारखा. ऐन भरात गुडघा गेला. दोन वर्षांपूर्वी घरी आला. एका कारखान्यात सुरक्षा रक्षकाची नोकरी मिळत होती, आणि गावातली बंद पडलेली तालीम उघडायचं मनात होतं. "सर, तुम्ही सांगाल ते," म्हणाला. असं कुणी म्हटलं की मला धडकी भरते.

मी त्याला आधी आंदळकरांचं सांगितलं. त्याचे डोळे चमकले. मग खाशाबांच्या पेन्शनचं सांगितलं. नुसत्या तालमीवर हल्ली घर चालत नाही, पोरांचे आईबाप खुराकालाच मेटाकुटीला येतात, ते वस्तादाला काय देणार? म्हटलं, नोकरी घे, पाळी दुपारची मागून घे आणि पहाट तालमीला दे. बायकोला विचारूनच ठरव, कारण पहाटे उठून दोन म्हशींचं तिलाच बघावं लागणार. ती हो म्हणाली, हे मला फार मोठं वाटलं.

सध्या अकरा मुलगे आणि दोन मुली येतात. मुलींवरून गावात थोडी कुरकुर झाली. त्याने ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पुतणीलाही आणलं, त्या दोघींतली एक तीच. हौद्यातली माती नवी आहे, तेल, हळद, ताक घालून मळलेली. मॅट नाही. स्पर्धा मॅटवर होतात, तेव्हा मॅट हवीच, आणि त्यासाठी एका कार्यालयात अर्ज करावा लागतो. पहिला अर्ज सापडत नाही म्हणाले, दुसऱ्यावर सही चुकीच्या जागी होती. तिसरा मी गेल्या आठवड्यात सुवाच्य अक्षरात लिहून दिला, दोन प्रती काढल्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नकोस असं त्याला बजावलं आहे.