निळा रंग

धरमतरच्या खाडीवरून येणारा वारा माणसाला गोड लागतो. पत्र्याचा मात्र तो हाडवैरी आहे. आमच्या दारातली फिकट निळी पद्मिनी हे मला रोज सांगत असते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट म्हणून तयार होणाऱ्या या गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले १९७४ साली. वडिलांनी आमची गाडी घेतली १९८६ साली, पण शेवटपर्यंत ते तिला फियाटच म्हणत. बारशाचे नाव आणि हाकेचे नाव वेगळे असायचेच.

वडील गेले, त्या पावसाळ्यात मी गाडी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली झाकून ठेवली. झाकले म्हणजे राखले, अशी माझी भाबडी समजूत! चार महिन्यांनी पाहतो, तर आत ओल कोंडून दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फोड आलेले. उन्हाने विटलेल्या रंगाची तर निळी भुकटीच बोटाला लागली.

"दादा, नवा रंग मारून विकून टाकू," धाकटा भाऊ म्हणाला. त्याचे चुकले असे नाही. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात वयोमर्यादा भरून रस्त्यावरून गेल्या. पण मी हट्टाला पेटलो.

पेणच्या मिस्त्रींनी बजावले, "सर, हात हलका ठेवा. जुन्या रंगावर पारदर्शक थर नसतो. तुम्ही घासाल तो रंगच." दिवाळीच्या सुटीत, ऊन चढायच्या आत, कामाला लागलो. आधी नुसत्या पाण्याची धार सोडून रेती आणि खार वाहून घालवायचा, मगच फडके लावायचे. नाहीतर तीच रेती रंगावर ओरखडे काढते. भांड्यांचा साबण वर्ज्य. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने निघतात. कंपाउंडचा हात फिरवला की फडके निळे होते, आणि दर वेळी काळजात चर्र होते: इतका रंग गेला! कंगोऱ्यांवर थर सर्वांत पातळ, म्हणून तिथे फक्त पॉलिश. शेवटी मेण. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येते. आपली पाने कोरड्या वाऱ्यात सुकू नयेत म्हणून त्या झाडाने केलेली तजवीज आमच्या खाऱ्या वाऱ्यात गाडीच्या उपयोगी पडावी, याची मला मोठी गंमत वाटली.

छप्पर झाले, बॉनेट झाले. तिसऱ्या दिवशी चालकाच्या दाराशी आलो. खिडकीच्या कडेवर चार बोटे रुंदीचा रंग पार झिजून खालचे करडे अस्तर उघडे पडले होते. वडील गाडी चालवताना कोपर तिथे टेकत.

"तेवढी जागा तरी रंगवा," मिस्त्री म्हणाले, "अस्तर पाणी पिते. एका पावसात गंज धरेल." त्यांनी जुळता रंग बाटलीत भरूनही दिला.

आई ओटीवरून सगळे पाहत होती. ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी मात्र गाडीशी आली, त्या कडेवरून पदराने धूळ पुसली आणि आत गेली.

बाटली अजून फडताळात आहे. दर रविवारी मी त्या जागेवर मेणाचा हात फिरवतो आणि वाकून, चष्मा पुसून, गंजाचा ठिपका आला का ते पाहतो.