पाच फुटांची रेषा

टेक्सासच्या आखाती किनाऱ्याचे जुने स्थलनिर्देशक नकाशे उघडले की आधी वाटते, इथे दाखवण्यासारखे आहे तरी काय? सपाट रान, भातशेती, कालवे, दलदल. डोंगराळ मुलखात समोच्चरेषा एकमेकींना खेटून असतात. इथे 5-5 फुटांवर काढूनही दोन रेषांमध्ये मैलच्या मैल कोरे राहतात. अशा भुईला फूटभर उंचीही मोलाची.

ब्यूमाँटजवळचे स्पिंडलटॉप म्हणजे जेमतेम 15 फुटांचे टेकाड. खालून मिठाचा घुमट वर सरकला आणि त्याने माती उचलून धरली. 10 जानेवारी 1901 रोजी तिथे तेलाचा फवारा उसळला. त्याच वर्षी शेजारच्या लुईझियानात, जेनिंग्जजवळ, थेट भाताच्या शेतात तेल लागले. पुढच्या नकाशांवर शेतांमधून विहिरींची बारीक वर्तुळे दाटत जातात.

मी सर्वांत जास्त रेंगाळतो ते ह्यूस्टनच्या पूर्वेला, गूस क्रीकवर. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथून इतके तेल, वायू, पाणी आणि वाळू उपसली गेली, की खाडीकाठची भुई 1925 पर्यंत 3 फुटांहून अधिक खचली आणि एक भूशिर पाण्याखाली गेले. बुडालेली जमीन सरकारची, म्हणून राज्याने तिच्यावर दावा सांगितला. निकाल मात्र तेलवाल्यांच्या बाजूने लागला: जमीन निसर्गाने नव्हे, माणसाच्या उपशाने बुडाली, म्हणून मालकी ढळत नाही! जमीन बुडवल्याची कबुलीच तिथे हक्काचा पुरावा ठरली. हे वाचून मी आजही अस्वस्थ होतो.

जवळच बेटाउनमध्ये ब्राउनवूड नावाची वसाहत होती. तिथे मुख्यतः कारखान्यांसाठी उपसलेल्या भूजलामुळे भुई 8 फुटांहून जास्त खाली गेली. 1983 च्या अलिशिया वादळानंतर लोकांना घरे सोडावी लागली. आज तिथे पाणथळ निसर्ग केंद्र आहे, पक्षी येतात, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण केवळ नवे नकाशापत्रक पाहणाऱ्याला वाटेल, इथे पहिल्यापासून पाणीच होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1884 पासूनचे नकाशे सर्वांसाठी मोफत खुले केले आहेत. ब्राउनवूडचे गल्लीबोळ असलेले पत्रक त्यांत शोधावे आणि नव्याच्या शेजारी ठेवूनच हा किनारा वाचावा.