सोड्यांचे क्रोकेते

रत्नागिरीचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाच्या जिभेवर हापूस येतो. आमच्या जिभेवर सोडे येतात. चारचौघांत ते बोलून दाखवायची सोय नसते इतकंच. सोडे म्हणजे सोललेल्या कोळंबीला खडखडीत ऊन दाखवून केलेली बेगमी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, मिरकरवाड्याला सामसूम. अशा वेळी आगोटीला भरलेला सोड्यांचा डबाच घराची अब्रू राखतो. आमची आत्या दागिन्यांचं कपाट उघडं टाकील, पण या डब्याला कुलूप असतं.

तिच्या नातीने माद्रिदहून स्पॅनिश नवरा आणला, तोही ऐन आषाढात. लग्न तिकडेच परस्पर उरकलेलं, म्हणून आत्याने त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. (तिला स्पॅनिश येत नाही, त्याला मराठी येत नाही, तरीही ठरवलं होतं.)

नातजावयाला आपल्याकडचे क्रोकेते करून घालायची हौस आली. त्यात खारवलेलं हॅम लागतं. डुकराची तंगडी मिठात पुरतात आणि मग महिनोन्‌महिने वाऱ्यावर टांगून ठेवतात. 'सेर्रानो' म्हणजे डोंगराकडचं. आत्याच्या स्वयंपाकघरात ही तंगडी येणं या जन्मी शक्य नव्हतं. नात म्हणाली, "आजी, सोडे दे. तेही वाळवलेलेच की!"

कुलूप निघालं. मूठभर सोडे मिळाले. तेवढे पुरे होतात म्हणे, कारण स्पेनमध्ये हा उरल्यासुरल्याचाच पदार्थ. हाडाजवळचे तुकडे संपवायचे आणि चार माणसांत आठ जेवू घालायची. "म्हणजे त्यांच्याकडेही पाहुणे सांगून येत नाहीत," आत्या मला म्हणाली.

सोडे भिजवून, बारीक चिरून कांद्याबरोबर लोण्यात परतले. त्यातच मैदा भाजला आणि जावई दूध ओतू लागला. "ही तर पतंगाची खळ!" आत्या माझ्या कानात. पण पुढच्याच क्षणी तिचा व्रतभंग झाला.

"दूध भसाभसा ओतू नको मेल्या, गुठळ्या होतील!"

जावयाला अहोजाहो करायची आमच्याकडे पद्धत आहे. 'मेल्या' हा शब्द आत्याने फक्त घरच्यांसाठी राखून ठेवलाय. नात चमकून माझ्याकडे बघायला लागली. जावयाने मुकाट्याने धार बारीक केली आणि कालथा आत्याच्या हातात गेला. गोळा कडा सोडीपर्यंत ढवळायचं असतं, हे वड्या थापणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट झालेल्या गोळ्याचे दुसऱ्या दिवशी लांबट मुटके वळले, अंड्यात बुडवले. आणि तिथे भांडण. तो पावाचा चुरा म्हणे, आत्या रवा. गोव्यातून पोर्तुगीज १९६१ साली गेले, क्रोकेत मात्र राहिले. तिथे ते खिम्याचे करतात आणि रव्यात घोळवतात. म्हणजे इतिहास आत्याच्या बाजूने होता. तरी निम्मे-निम्मे केले.

वरून कुरकुरीत, आत मऊ लुसलुशीत, आणि वास असा की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. आत्याने सहावा खाल्ला आणि नातीला म्हणाली, "विचार त्याला, पावसाळी हवेत त्या तंगडीला बुरशी धरत नाही?"

"धरते. तेलाच्या फडक्याने पुसून घेतात."

"माणसं बरी दिसतात," आत्या म्हणाली.