दोष नेमाचा कीं दुर्बिणीचा?

आमच्या नातवानें गेल्या दिवाळींत साठविलेल्या पैशांतून आपल्या छऱ्यांच्या बंदुकीवर बसविण्यासाठीं एक स्वस्त दुर्बीण आणली. परसांत १० मीटरांवर पुठ्ठ्याचें लक्ष्य व त्यामागें वाळूचीं पोतीं, असा आमच्या देखरेखीखालीं त्याचा अभ्यास सुरू झाला. प्रथम छरे बरोबर मध्यावर लागत. महिन्याभरानें मात्र ते भलतीकडेच जाऊं लागले. आज डावीकडे, तर उद्यां खालीं. आमचा उभा जन्म मुलें शिकविण्यांत गेलेला; निदान करावयास कितीसा वेळ लागणार? ‘चित्त थाऱ्यावर नाहीं,’ असें म्हणून आम्हीं त्यास द्रोणाचार्यांनीं घेतलेल्या परीक्षेची गोष्ट ऐकविली. मुलगा कांहींच बोलला नाहीं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानें बंदुकीस हात लावला नाहीं.

पुढें सैन्यांतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही घरीं आले. त्यांनीं प्रथम दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू तपासले. ते घट्ट होते. मग एका बिंदूवर नेम धरून छरा सोडला. नंतर दुर्बिणीच्या चकत्या क्रमानें वर, उजवीकडे, खालीं व डावीकडे २०-२० खटके फिरवून, प्रत्येक वेळीं त्याच बिंदूवर नेम धरला. दुर्बीण शाबूत असती, तर चौकोन पुरा होऊन शेवटचा छरा पहिल्याच्या जागीं लागता. येथें चौकोन जुळलाच नाहीं!

‘गुरुजी, मुलाचा दोष नाहीं. दुर्बीण आंतून खिळखिळी झाली आहे,’ ते म्हणाले. दारूच्या बंदुकीचा धक्का मुख्यतः मागें बसतो. स्प्रिंगच्या हवाई बंदुकींत दट्ट्या पुढें धांवतांना बंदूक मागें सरते, आणि दाबलेल्या हवेवर तो अडतांच ती पुढें झटका खाते. हा दुहेरी हिसका सोसण्यासाठीं केलेली नसेल, तर मोठ्या रायफलीवर टिकलेली दुर्बीणही या लहान बंदुकीवर निकामी होते. आंतली भिंगांची नळी बारीक कमानीच्या आधारावर असते; ती कमान कच्ची निघाली, कीं नेम सरकलाच. बाहेरून ओरखडाही दिसत नाहीं. म्हणून घेतांना किंमतीआधीं, ती स्प्रिंगच्या हवाई बंदुकीसाठीं केलेली आहे कीं नाहीं, तें पाहावें.

आतां नातू बंदुकीच्या साध्या माशीवरूनच नेम धरतो. ऑलिंपिकच्या रायफल-स्पर्धांत दुर्बिणीस मज्जावच आहे. २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं सुवर्णपदक मिळविलें, तें दुर्बिणीवांचूनच.

त्या रात्रीं आम्हीं नातवाजवळ आपली चूक कबूल केली. तो हंसला, आम्हांस मात्र झोंप आली नाहीं. फळ्यावरचें चुकीचें उतरवून घेणारीं मागच्या बांकावरचीं कितीएक मुलें डोळ्यांपुढें उभीं राहिलीं. त्यांसही आम्हीं हीच अर्जुनाची गोष्ट सांगितली होती. त्यांतील कोणास चष्म्याची गरज होती काय, हें मात्र आम्हीं कधीं विचारलें नाहीं.