ठेव कोणाच्या हाती?

घर हलविण्याचा प्रसंग गृहस्थाच्या आयुष्यात वारंवार येत नाही, आणि न आलेलाच बरा असे आमच्या वयाच्या पुष्कळांस वाटते. परंतु आर्वीचे आमचे वडिलार्जित मातीचे घर गेल्या पावसाळ्यात एका अंगाने खचले, आणि ते उतरवून पुन्हा बांधावयाचे ठरले. तोवर दीड वर्ष वर्ध्यास भाड्याच्या तीन खोल्यांत काढावयाचे. तीन खोल्यांत माणसे मावतात. चार पिढ्यांचे सामान मावत नाही. ते ठेवावे कोठे?

तीन जागा सुचल्या. पहिली एका आप्ताची रिकामी माडी. तेथे भाडे नव्हते. पण जेथे भाडे नाही तेथे हिशेब विचारण्याची सोयही नाही, आणि भांडे हरवले तर त्याच्याबरोबर नातेही जाते. दुसरी एका जिनातील वखार. आमचा जिल्हा कापसाचा, तेव्हा वखारींना तोटा नाही. परंतु पत्र्याखाली उन्हाळ्यात लाकूड तडकावयाचे, पावसाळ्यात पोथ्यांना वाळवी लागावयाची, आणि कापसाशेजारी आगीचे भय बारमाही. तिसरी, नागपुरात घरसामान मासिक भाड्याने सांभाळणाऱ्या एका व्यावसायिकाचे गोदाम. जोते उंच, जमीन कोरडी, विम्याची सोय. मात्र त्याची एक अट होती : प्रत्येक पेटीतील वस्तूंची यादी द्यावी; न उघडलेल्या पेटीची जबाबदारी तो घेणार नाही.

मला राग आला. कै. मातोश्रींची ट्रंक त्यांच्यामागे कोणी उघडली नव्हती. ती परक्याच्या कागदावर चढवावयाची? परंतु धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, आत काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही, मग काय हरवले हे तरी कसे कळेल?"

त्या रात्री याज्ञवल्क्यस्मृती काढली. पेटीत बंद करून, आतले न सांगता दिलेला तो उपनिधी. मोजून दिलेला तो निक्षेप, असा भेद मिताक्षरेत दाखविला आहे. राजाने, दैवाने वा चोराने नेलेली ठेव भरून देण्याचे बंधन स्मृतिकार घालीत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे १५१ वे कलमही ठेव सांभाळणाऱ्याकडून एवढेच मागते की, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यावी. मृच्छकटिकात वसंतसेनेचे अलंकार शर्विलक भिंत फोडून नेतो, तेव्हा शास्त्राच्या आधारे चारुदत्ताला सुटता आले असते. पण त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. कायदा संपतो तेथे माणसाची परीक्षा सुरू होते.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष ट्रंक उघडली. पैठणी, जपमाळ, आमच्या जन्मपत्रिका, आणि तळाशी तांबड्या फडक्यात चांदीच्या तोड्यांची जोडी. सोबत मातोश्रींच्या अक्षरातील चिठ्ठी : 'शेजारच्या काकूंची ठेव. मागतील तेव्हा द्यावी.' काकू चाळीस वर्षांपूर्वी अमरावतीस गेल्या, आणि तेथेच वारल्या. ट्रंक तशीच धाडली असती, तर दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून मी सही करून बसलो असतो! काकूंच्या कन्येचा शोध लावून तोडे तिच्या हाती दिले. तिने ते कपाळी लावले. बोलली काही नाही.

त्यानंतर यादी करताना प्रत्येक वस्तूला आम्ही विचारू लागलो, ही खरोखर आमची काय? १९३३ साली साबरमती आश्रम विसर्जित करून गांधीजी वर्ध्यास आले, तेव्हा आश्रमाचा ग्रंथसंग्रह त्यांनी अहमदाबादच्या नगरपालिकेस दिला होता. आम्हीही निम्मी पुस्तके शाळेस दिली, जास्तीची भांडी गरजूंस दिली. उरलेले सामान, दोहोंकडच्या सह्या झालेली यादी घेऊन, नागपूरच्या गोदामात ठेवले.

वाचकांवर असा प्रसंग आल्यास त्यांनी जोते पाहावे, विमा पाहावा, यादीवर सही घ्यावी. कुलूप सर्वांत शेवटी पाहावे. मातोश्रींच्या ट्रंकेची कडी तर वर्षानुवर्षे नुसत्या सुतळीने बांधलेली होती.